जुनी बुलेट घेताय? आधी कागद बघा, मग किक मारा

मी आपल्या मावळातल्या बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी शेळीपालन, मसाले, बँकेची कामं यावर बोलते. आज विषय वेगळा आहे. आज जुन्या बुलेटबद्दल बोलायचंय.

तुम्ही म्हणाल, बुलेटचं आणि आपलं काय? सांगते. गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते, कारण विचारलं की उत्तर येतं, "पोराला गाडी घ्यायचीय." आणि पोराला हवी असते बुलेट. शनिवार-रविवारी लोणावळ्याला, भुशी डॅमला पुण्या-मुंबईची मुलं बुलेटवर येतात, ते आपली पोरं बघतात. नवी परवडत नाही, मग जुनी शोधतात. गाडी पोराची, पण गटाच्या वहीत सही आपली. म्हणून हा विषय आपला.

ही गाडी मुळात इंग्रजांची. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची. आपल्या सैन्याला ती हवी होती, म्हणून 1955 मध्ये मद्रासला कंपनी सुरू झाली. पुढे तिकडचा कारखाना बंद पडला, इथला चालू राहिला आणि 1977 पासून आपली बुलेट उलट इंग्लंडला विकायला जाऊ लागली. आता तर ट्रायम्फ ही दुसरी ब्रिटिश गाडी 2023 पासून आपल्या शेजारी चाकणला बनते. नव्या गाडीचे कागद शोरूमवाला करून देतो. जुन्या गाडीचं सगळं आपल्यालाच बघावं लागतं.

आता माझीच गोष्ट ऐका. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी पुण्याच्या एका माणसाकडून जुनी बुलेट घेतली. पंचावन्न हजारांना. त्यातले चाळीस हजार मी गटातून कर्ज काढले. स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, आरसी बुकाची झेरॉक्स मिळाली. "मूळ बुक पुढच्या आठवड्यात देतो," म्हणाला. महिना गेला, दोन गेले. मग कळलं की बुकावर त्याचं नावच नव्हतं. त्यानं ती दुसऱ्याकडून घेतलेली, त्या दुसऱ्यानं तिसऱ्याकडून, आणि मूळ मालकाच्या कर्जाचा बोजा अजून बुकावर होता. बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. दीड वर्ष गाडी गोठ्यात झाकून ठेवली. हप्ता मात्र दर महिन्याला भरायचाच होता. इतरांना "हप्ता वेळेवर भरा" सांगणारी मी, दोनदा माझाच हप्ता चुकला. त्या बैठकीत मान वर करवली नाही.

शेवटी मूळ मालक सापडला. कर्ज त्यानं कधीच फेडलं होतं, फक्त बँकेचं पत्र घ्यायचं राहिलं होतं. आज गाडी आमच्या नावावर आहे आणि चांगली चालते. खोट गाडीत नव्हती, आम्ही घाई केली होती.

म्हणून आता नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या.

पहिलं, मूळ आरसी बुक बघा. झेरॉक्सवर पैसे देऊ नका. मोबाइलवर एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाका. नोंदणी कुठवर आहे, विमा आहे का, कर्जाचा बोजा आहे का, हे तिथे दिसतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 आधी मागा.

दुसरं, चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा आणि बुकाशी ताडून बघा. जुन्या बुलेटला एकीचं इंजिन दुसरीला बसवलेलं असू शकतं. नंबर घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा.

तिसरं, नोंदणीची मुदत. पंधरा वर्षांनी गाडी तपासून नोंदणी पुन्हा करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. त्याची फी आणि पर्यावरण कर किंमत ठरवतानाच धरा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते.

चौथं, फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या आणि तीस दिवसांच्या आत आपल्या आरटीओत अर्ज द्या. विम्यावरचं नाव बदलायलाही चौदा दिवसांत अर्ज करा. आपण आपली गाडी विकतो तेव्हाही हे विसरू नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की गाडी विकली पण नोंदणी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच येते.

पाचवं, गाडीची तपासणी. विकणाऱ्याला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिनाला हात लावून बघा, थंड हवं. थंड इंजिन दोन-चार किकमध्ये सुरू झालं तर बरं. निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे मोठा खर्च. मेकॅनिक आपल्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याचा नको. आणि पोराला एक सांगा. बऱ्याच जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. घाटात घाबरून भलताच पाय दाबला जातो. आधी मोकळ्या मैदानात सवय करू दे.

हप्ता तुम्ही भरणार असाल तर गाडी तुमच्या नावावर करायला हरकत नाही. पण मग जबाबदारीही तुमची. अठरा वर्षांखालच्या पोरानं ती चालवली तर कायद्यानं पालक किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझ्या प्रकरणानंतर आमच्या गटानं ठराव केला. जुन्या गाडीसाठी कर्ज हवं असेल तर मूळ बुक आणि सही केलेले फॉर्म बैठकीत दाखवायचे. पैसे रोख द्यायचे नाहीत, बुकावर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात टाकायचे. सुरुवातीला दोघीजणी नाराज झाल्या. "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाल्या. विश्वास सगळ्यांवर आहे, पण पैसा साऱ्या जणींचा आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पोराला नाही म्हणा असं मी सांगत नाही. त्याला म्हणा, "बाळा, आधी मूळ बुक घेऊन ये." ते खरं असेल तर आणायला त्याला काही जड जाणार नाही.