आळीपाळीची शिकवण



टपालवाला, परिचारिका, सफाई कामगार यांची चित्रे मुले पहिलीच्या पुस्तकात पाहतात आणि नावे पाठ करतात. परंतु या माणसांवाचून समाजाचे अडते कसे, हे चित्रावरून समजत नाही. ते समजावयाचे असेल तर वर्गातली कामे मुलांच्या हाती द्यावीत. एकाने फळा पुसावा, दुसऱ्याने वह्या वाटाव्यात, दोघांनी केर काढावा, एकाने माठापाशी उभे राहून ओगराळ्याने सर्वांना पाणी द्यावे. फळा पुसावयाचा राहिला की साऱ्या वर्गाचे गणित खोळंबते, हे सहा वर्षांच्या मुलालाही तत्काळ उमगते.

तथापि खरी कसोटी कामांच्या वाटणीत आहे. हुशार मुलाकडे हजेरीपट, मागच्या रांगेतल्या मुलाकडे केरसुणी, आणि झाडणे म्हणजे मुलींचेच काम, अशी वाटणी नकळत होऊन बसते. ती कायम राहिली तर मुले नागरिकत्वाऐवजी उच्चनीचतेचाच धडा गिरवितात.

ही भीती काल्पनिक नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, शाळेत त्यांना नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु मनातली वाटणी कायद्याने एका दिवसात पुसली जात नाही. ती पुसण्यास बालवर्गापासूनच आरंभ व्हावा लागतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. त्यांच्या कार्यात स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग होता.

म्हणून नियम साधा असावा. भिंतीवर कामांचा तक्ता लावावा आणि दर सोमवारी नावे पुढे सरकवावीत. माठ आणि केरसुणी प्रत्येकाच्या वाट्यास यावी, शिक्षकाच्याही. केर काढणे ही शिक्षा म्हणून कोणास कधीही देऊ नये. शिक्षा म्हणून दिलेले काम हलके ठरते आणि ते काम नित्य करणारा माणूसही मुलांच्या नजरेत हलका ठरतो.

कोणी पालक म्हणतील, “मुलास आम्ही शिकावयास धाडतो, झाडावयास नव्हे.” त्यांना माझे नम्र सांगणे असे की, झाडण्याचे काम काही मोजक्याच मुलांवर पडत असेल तर आपण अवश्य तक्रार करावी. मात्र ते सर्वांकडे आळीपाळीने येत असेल, तर आपले मूल तेथे शिकतच आहे. आज सायंकाळी त्यास एवढेच विचारावे, “या आठवड्यात तुझ्याकडे कोणते काम आहे? आणि पुढच्या आठवड्यात ते कोणाकडे जाणार?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यास देता आले, तर शाळा योग्य मार्गावर आहे असे खुशाल समजावे.