‘सकाळी बघू’ म्हणालो, आणि एक रात्र गेली

देवळाली कॅम्पातून बोलतोय. आजचा भाग छोटा आहे, पण घरच्यांसोबत ऐका.

आमच्या कॅम्पाची हवा चांगली. मुंबईची माणसं पूर्वीपासून इथल्या सॅनेटोरियममध्ये तब्येत सुधारायला येतात. आबांना याचा भारी अभिमान! गेल्या पावसाळ्यात त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. शुगर आहेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आजीला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. ताप नव्हता. आम्ही म्हटलं, वय झालंय, झोपू द्या, सकाळी बघू.

सकाळी आबा थेट नाशिकला आयसीयूत. बीपी खाली, लघवी जवळपास बंद. डॉक्टर म्हणाले, “सेप्सिस आहे. काल रात्रीच आणायचं होतं.”

आपण म्हणतो ना, ‘इन्फेक्शन रक्तात पसरलं’? ते अर्धंच खरं. जंतूंशी लढताना शरीराची यंत्रणाच बिथरते आणि स्वतःच्या किडनीला, फुप्फुसांना, मेंदूला इजा करते. सुरुवात न्यूमोनियाने होईल, नाहीतर पायाच्या साध्या जखमेने.

हा आजार दुर्मीळ नाही. २०१७ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख गेले, असा अंदाज आहे. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे एक! २०१९ मध्ये भारतातल्या ३५ आयसीयूंची पाहणी झाली, तिथं निम्म्याहून जास्त पेशंटना सेप्सिस होता. त्यातले बरेच जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. म्हणून सांगतो, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

आता लक्षात काय ठेवायचं? इन्फेक्शन असताना माणूस असंबद्ध बोलतोय, धाप लागलीय, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय, तर थांबू नका. म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. मोठ्या माणसात २२ किंवा जास्त म्हणजे धोक्याची खूण. पण आकडा कमी आला म्हणून निर्धास्त राहू नका. १०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स मोफत आहे. दवाखान्यात सरळ विचारा, “डॉक्टर, हा सेप्सिस असेल का?” बीपी पडलेलं असेल तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं.

आबा वाचले. अकरा दिवस आयसीयूत होते. आईची एफडी मोडली. आबांना अजून जिना चढताना धरावं लागतं, मध्येच नावं विसरतात. आजी काही बोलत नाही. फक्त आता रात्री दोनदा उठून त्यांचा श्वास बघते.

तुमच्या घरातही एखादे आबा असतील. हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका. काळजी घ्या, पुन्हा भेटू.