अकरा कोपऱ्यांचे दोन रुपये

आषाढीला पंढरपूर गाठणं जमलं नाही, तर आपल्या बीडकडचा वारकरी नारायणगडाची वाट धरतो. धाकटी पंढरीच ती. गडाचे संत नगद नारायण महाराज. नावातच ‘नगद’, तेव्हा नाण्यांवर बोललं तर वावगं ठरू नये!

१९८२ साली आलेलं दोन रुपयांचं नाणं गोल, आठ ग्रॅमचं होतं. १९९२ मध्ये ते सहा ग्रॅमवर उतरलं आणि त्याला अकरा कोपरे फुटले. खिशात हात घातला की न बघता ओळखावं. ज्यांना दिसत नाही त्यांना तर हा मोठाच आधार. कॅनडाच्या डॉलरलाही १९८७ पासून अकराच बाजू आहेत.

नेहमीच्या नाण्यावर भारताचा नकाशा आणि ‘राष्ट्रीय एकता’. गंमत आहे ती विशेष नाण्यांत. आधी सरकारनं त्यांवरून उपदेशच केला: १९९३ मध्ये छोटं कुटुंब, १९९४ मध्ये पाणी. मग माणसं आली. सरदार पटेल, सुभाषबाबू, १९९९ मध्ये शिवाजी महाराज आणि २००२ मध्ये तुकोबा. ज्ञानेश्वर महाराज त्याआधी, १९९९ मध्ये, रुपयाच्या गोल नाण्यावर आले होते. तुकोबांच्या वाट्याला मात्र अकरा कोपरे आले. एकादशी करणाऱ्यांना अकराचं महत्त्व मी काय सांगावं! टांकसाळीत हा हिशेब कुणी केला नसणार, पण जुळून आलंय खरं. सगळ्यांत देखणं नाणं कोणतं विचाराल, तर माझं मत २००३ च्या रेल्वेच्या नाण्याला: हातात कंदील घेतलेला हत्ती.

सालाखालची खूणही बघा. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा; काहीच नसेल तर कोलकाता.

पुढं स्टीलचं गोल नाणं आलं नि हे कोपरे गेले. आता वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू आहेत, त्यावर धान्याची कणसं.

कुणी म्हणेल, जुनं नाणं द्या, लाख रुपये घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच अशा फसवणुकीपासून सावध केलंय. आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक छदामही देऊ नका. आणि दुकानदार मंडळी, नाण्याचा छाप वेगळा दिसला म्हणून ते परत करू नका. २०११ मध्ये बंद झाली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी. दोन रुपये नव्हेत.