मावशीच्या सुट्टीचा पगार

(पाड्यांवर घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या मावश्या, मंडळीतील हितचिंतक आणि संस्थेचे कार्यकर्ते यांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण.)



मला पाळणाघरांविषयी बोलायला सांगितले आहे. मुलांचे वजन, खाऊ, लसीकरण हे आपण दर तिमाहीला वाचता. आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. मावशीची सुट्टी आणि त्या सुट्टीचा पगार.

आपल्यापैकी पुष्कळांनी या कामाला पैसे दिले आहेत, पण पाळणाघर पाहिलेले नाही. म्हणून दोन शब्द सांगते. नंदुरबारची मिरची सर्वांना ठाऊक आहे. हंगामात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात. उघड्या मैदानावर लाल मिरची वाळत घालतात आणि बायका दिवसभर बसून देठ खुडतात. तिथला खकाणा धडधाकट माणसाच्या नाकातोंडाला झोंबतो, मग झोळीतल्या लेकराचे काय होत असेल? काही बाया कापूस वेचायला जातात, काही शेतमजुरीला. तान्हे मूल कुठे ठेवायचे हा प्रश्न सगळ्यांचाच. अंगणवाडी आहे. ही योजना 1975 साली 2 ऑक्टोबरला सुरू झाली आणि तिने मोठे काम केले आहे. पण अंगणवाडी काही तासांची असते, आणि मजुरीला गेलेली आई दिवे लागायच्या वेळेला परतते. मधल्या वेळेसाठी पाड्यावरचीच एक बाई आपल्या घरात सहा-आठ मुले सांभाळते. ओटीवर झोळ्या बांधलेल्या, चुलीवर खिचडी, दारात पाण्याचा हंडा. हेच आपले पाळणाघर, आणि ती बाई म्हणजे मुलांची मावशी.

आता ही मावशी एक दिवस आली नाही, असे तर होऊ शकत नाही, कारण ती राहतेच तिथे. पण तिला ताप आला, तिच्या माहेरी मयत झाली, तिची मुलगी बाळंत झाली, तर काय होते? एक तर आई खाडा करते आणि त्या दिवसाची रोजी बुडते. नाही तर मूल पाठीला बांधून पथारीवर नेते. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा होते, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दुसरी-तिसरीतल्या थोरल्या बहिणीला शाळेत न पाठवता घरी ठेवतात. शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवशी तिच्या नावापुढे गैरहजर लागते. पण त्याचे कारण मावशीची रजा आहे, हे त्या पटावर कुठे लिहिलेले नसते.

गेल्या हंगामात एका मावशीने अंगात ताप असताना चार दिवस पाळणाघर उघडे ठेवले. पाचव्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेले, रक्त तपासले, तेव्हा मलेरिया निघाला. मी विचारले, "अगं, आधी सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "ताई, बंद ठेवलं असतं तर माझे पैसे कापले गेले असते. आणि पोरं कुठं गेली असती?"

तिच्या उत्तरात दोन गोष्टी आहेत. पहिली पैशाची आहे, दुसरी मुलांची. सुट्टीचा विचार करताना एक घेऊन दुसरी सोडली तर काम अर्धेच होते. नुसते पैसे दिले आणि मुलांची सोय केली नाही, तर मावशी सुट्टी घेणारच नाही. नुसती मुलांची सोय केली आणि पैसे कापले, तरीही ती घेणार नाही.

हा विषय काढला की काही प्रश्न हमखास येतात. ते प्रामाणिक प्रश्न आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला प्रश्न असा की, ती तर आपल्या घरातच असते, तिला सुट्टी कशाला? बंधू-भगिनींनो, जी बाई ऑफिसात काम करते ती संध्याकाळी ऑफिस सोडून घरी येते. मावशीला सोडून येण्यासारखी जागाच नाही. तिचे कामाचे ठिकाण आणि तिची चूल एकच आहे. संध्याकाळी शेवटचे मूल गेले की त्याच ओटीवर तिच्या घरच्यांचे जेवण वाढायचे असते. घरात काम करणाऱ्या बाईला सुट्टीची गरज कमी नसते, उलट जास्त असते.

दुसरा प्रश्न असा की, ही सेवा आहे, सेवेला सुट्टी आणि पगार कसला? इथे मी आपल्याला निर्गमाच्या सोळाव्या अध्यायाकडे नेते. रानात इस्राएल लोकांना रोजचा मान्ना रोज मिळत असे. जास्त साठवला तर तो नासत असे. मात्र सहाव्या दिवशी देवाने दुप्पट दिला, आणि तो नासला नाही. का? कारण सातव्या दिवशी कोणी गोळा करायला जायचे नव्हते. देवाने नुसते "विसावा घ्या" असे सांगून लोकांना उपाशी ठेवले नाही. विसाव्याच्या दिवसाची भाकर त्याने आधीच हातात दिली. माझ्या मते पगारी सुट्टीचा अर्थ समजावून सांगायला याहून सोपा धडा नाही. ज्या विसाव्याच्या दिवशी चूल पेटत नाही, तो विसावा गरिबाच्या उपयोगाचा नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. शब्बाथाची आज्ञा निर्गमात आहे आणि अनुवादातही आहे. निर्गमात तिचे कारण देवाने सृष्टी निर्माण केल्यावर घेतलेला विसावा हे आहे. अनुवादात कारण वेगळे दिले आहे. तुम्ही मिसर देशात दास होता याची आठवण ठेवा, म्हणून तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखा विसावा मिळू द्या, असा त्याचा भाव आहे. म्हणजे मालकाच्या विसाव्याइतकाच नोकराचा विसावा आज्ञेत मोजलेला आहे. आपण रविवारी उपासनेला येतो तेव्हा आपल्यासाठी कोण राबत आहे, हे विचारणे त्या आज्ञेतच येते.

आपल्या महाराष्ट्रालाही हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. पुढे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पण पगारी रजा कायद्यात यायला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लागली. सुट्टी मिळणे आणि सुट्टीचा पगार मिळणे या दोन वेगळ्या लढाया आहेत. आपल्या मावश्यांसाठी दुसरी अजून व्हायची आहे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो, कारण तो मुलांच्या आया विचारतात. "आम्हाला खाडा पडला तर रोजी नाही. मग मावशीला बसून पैसे का?" या प्रश्नावर रागावून चालणार नाही. ज्या बाईला आयुष्यात एकाही सुट्टीचा पैसा मिळाला नाही, तिला हे विचित्र वाटणारच. तिला मी सांगते, "बाई, तुलाही मिळायला हवा. तुला मिळत नाही हा अन्याय आहे. पण तुझ्यावरचा अन्याय मावशीवर करून तो मिटत नाही." आणि आणखी एक सांगते. तापाने फणफणलेली मावशी आठ मुलांना भरवते, तेव्हा त्यातले एक मूल तिचेही असते.

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी आठवड्याची सुट्टी, वर्षाला 8 किरकोळ रजा आणि 8 पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आपसात ठरवलेले आणखी चार दिवस. शिवाय वर्षात 240 दिवस काम भरले की दर 20 दिवसांना एक दिवस याप्रमाणे पगारी रजा. एका बाईने चालवलेले पाळणाघर या कायद्यात बसत नाही. पण कायदा लागू नाही म्हणजे कायद्यातला न्याय मना आहे, असे नाही. माप तयार आहे. ते आपल्या हाताने लावायला कोणी अडवलेले नाही.

ते माप लावले तर किती खर्च येतो, हे हिशेब करून सांगते. समजा, मावशीचे मानधन महिना 6,000 रुपये आहे आणि कामाचे दिवस 26. म्हणजे दिवसाचे साधारण 231 रुपये झाले. सणाच्या 8, किरकोळ 8 आणि हक्काच्या 12, अशा 28 सुट्ट्या धरा. सणाच्या दिवशी आयाही कामाला जात नाहीत, म्हणून त्या दिवशी बदली लागत नाही. उरलेल्या 20 दिवसांसाठी बदली मावशी बसवावी लागेल आणि तिलाही तितकेच पैसे द्यावे लागतील. वीस दिवसांचे 4,620 रुपये होतात. महिन्याला 385. हा भार आठ आयांवर वाटला तर प्रत्येकीला महिन्याला 48 रुपये पडतील. आपल्याला ते थोडे वाटतात. रोजीवर जगणाऱ्या घरात ते तेलामिठाचे पैसे आहेत. म्हणून हा भार आयांवर टाकू नये, असे माझे मत आहे.

पैशांइतकेच नियमही स्पष्ट हवेत. मावश्यांशी बोलून आम्ही जो मसुदा केला आहे, त्यातली मुख्य कलमे सांगते.

एक. वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी ठरवायची आणि ओटीवर लावायची. आयांना वाचून दाखवायची, त्यांच्या बोलीत समजावून सांगायची. सण निवडताना पाड्याचा सण पाहायचा. सातपुड्यात होळी हा वर्षाचा मोठा सण आहे. त्या दिवसांत मूल सोडायला कोण येणार आहे? नाताळ आणि उत्तम शुक्रवार आपल्या मावश्यांसाठी राहतीलच, पण होळीचे दिवस यादीतून गळता कामा नयेत. सुट्टी द्यायची म्हणजे कोणाचा सण खरा हे ठरवायचे नसते.

दोन. आठवड्याचा एक दिवस पूर्ण बंद. जिथे बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, तिथे तो दिवस घ्यावा. जिथे रविवार जमतो, तिथे रविवार. पाड्यापाड्याला वेगळे चालेल, पण दिवस दर आठवड्याला बदलू नये. आईला आधीपासून ठाऊक असले म्हणजे ती मुकादमाशी तसे बोलून ठेवते.

तीन. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांना कागद मागायचा नाही. डॉक्टरपर्यंत जायला अर्धा दिवस आणि जीपचे भाडे लागते, हे आपण जाणतो. त्यापुढे आरोग्य केंद्राची चिठ्ठी पुरे. ताप, डोळे येणे, जुलाब, खरूज असेल तर मावशीने मुलांजवळ जाऊच नये. ही रजा घेणे हे तिचे कर्तव्य समजावे.

चार. प्रत्येक पाळणाघराला एक ठरलेली बदली मावशी असावी. ती आयत्या वेळी शोधलेली नको. तिने महिन्यातून एक-दोन दिवस मावशीबरोबर बसावे, म्हणजे मुले तिला ओळखतील. अनोळखी हातात दिलेले तान्हे मूल दिवसभर रडते आणि दूध घेत नाही, हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे.

पाच. आई आपल्या कारणाने मूल आणणार नसेल, माहेरी गेली असेल, तर त्या महिन्याचा तिचा वाटा पूर्ण राहील, कारण मुलाची जागा राखलेली असते. पण अवकाळी पावसाने पथाऱ्या बंद पडल्या आणि कोणालाच रोजी मिळाली नाही, तर त्या दिवसांचा वाटा घ्यायचा नाही. मावशीचे मानधन मात्र चालू राहील. ज्यांना पैशाऐवजी ज्वारी किंवा तूर द्यायची असेल, त्यांनी ती पूर्वीसारखीच द्यावी.

मावश्यांनो, आता थोडे तुमच्याशी. सुट्टी मंजूर झाली तर ती घ्या. "मी नसले तर कसं होईल" असे म्हणून ती परत करू नका. तुम्ही ताप अंगावर काढता तेव्हा तुमच्या मुली ते पाहतात, आणि बाईने असेच राबायचे असते असे शिकतात.

मंडळीतील बंधू-भगिनींनो, आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे. खेळणी, चादरी, नाताळचा खाऊ आपण देता, त्याबद्दल उपकार मानते. पण खेळण्याचा फोटो काढता येतो, सुट्टीचा फोटो निघत नाही. म्हणून सुट्टीसाठी देणगी मागणे अवघड जाते. एखाद्या कुटुंबाने, एखाद्या महिला मंडळाने किंवा तरुण संघाने एका पाळणाघराच्या बदली मावशीचा वर्षाचा खर्च उचलावा. ही रक्कम वेगळ्या निधीत ठेवली जाईल, दुसऱ्या कामाला वापरली जाणार नाही, आणि वर्षअखेरीस कोणी किती रजा घेतली याचा हिशेब आपल्यासमोर ठेवला जाईल. एखाद्या मावशीने एकही रजा घेतली नाही असे त्यात दिसले, तर कौतुक करू नका. कारण विचारा.

मसुद्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर आहेत. जेवणाच्या सुट्टीत मावश्यांजवळ बसा आणि त्यांचे काय म्हणणे आहे ते ऐका. दुपारच्या सत्रात हे नियम मतास ठेवायचे आहेत, आणि मत देण्याचा पहिला मान त्यांचा आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.