लेकराच्या हातचं काम



फेब्रुवारी-मार्च आला की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या शिवारात हळद काढणीला येते. ती शिजते, खळ्यावर वाळत पडते, पॉलिश होऊन मोंढ्याला जाते. मोठी माणसं या घाईत असतात तेव्हा त्यांच्या पायांत पायांत करणारी तीन-चार वर्षांची लेकरं तिथेच खेळत असतात. तळहात पिवळे, गुडघे पिवळे, सदऱ्याची बाहीही पिवळी. कलाकामाचं पहिलं साहित्य त्यांच्या अंगाला आधीच लागलेलं असतं.

चमचाभर हळद वाटीभर पाण्यात कालवावी आणि जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर मुलालाच हाताने सारवू द्यावी. पान वाळलं की कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी घ्यावं, काडीला कापूस गुंडाळावा आणि मुलाच्या हाती द्यावा. पिवळ्या पानावर तांबडी रेघ उमटते. त्या रेघेवर लिंबाचा थेंब पडला की ती पुन्हा पिवळी होते. मूल दुसरा थेंब टाकतं, मग तिसरा, आणि कागद भिजून फाटेपर्यंत थांबत नाही. साडीवरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की रंग बदलतं. हळकुंडापासून कुंकू करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच गुणावर काम करत आले. चार वर्षांच्या मुलाला यातलं काहीच सांगायची गरज नाही. त्याने रेघ ओढली, रंग बदलला, आणि हे आपल्या हातून झालं, एवढं त्याला कळतं. या वयात तेवढं भरपूर आहे.

आता बालवाड्यांमधून आणि घराघरांतून हस्तकलेच्या नावाने काय चालतं ते पाहावं. बाजारातून रंगीत कार्डशीट येते, चमकी येते, तयार डोळे येतात. मोराचा आकार शिक्षिका कापते, पिसारा शिक्षिका लावते, मुलाच्या वाट्याला एक टिकली चिकटवणं येतं, तीही वाकडी लागली तर सरळ केली जाते. मग भिंतीवर एकसारखे मोर टांगले जातात, त्यांच्याखाली मुलांची नावं लिहिली जातात आणि फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जातो. घरीही फारसं वेगळं नसतं. ‘प्रकल्प’ आईबाप रात्री जागून करतात आणि सकाळी मूल तो दोन्ही हातांत सांभाळत शाळेत नेतं. यामागे कुणाची वाईट भावना नसते. पालकांना दाखवायला काहीतरी हवं, ही शिक्षिकांची अडचण खरी आहे. पण त्या मोरात मूल कुठेच नसतं, आणि मुलांना ते समजतं. भिंतीवरचा आपला मोर कोणता, हे त्यांना पुष्कळदा सांगता येत नाही.

महाराष्ट्रात बालशिक्षणाची सुरुवात अशी झाली नव्हती. ताराबाई मोडकांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या सोबतीने माँटेसरी पद्धतीचं काम केलं, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आज पालघरमध्ये आहे. शहरातल्या माँटेसरी शाळांमधली महागडी लाकडी साधनं त्या गावात परवडणारी नव्हती आणि तिथल्या मुलांना ती परकीही होती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं, माती हेच साधन मानलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली; अंगणवाडीची कल्पना तिथे आकाराला आली. 1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं दिवसभर गुरांमागे असत, म्हणून कुरणशाळा निघाली: जिथे गुरं चरतात तिथेच शाळा. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. या दोघींनी मुलांच्या हातात काय दिलं, ते प्रत्येक अंगणवाडीत सांगितलं गेलं पाहिजे.

त्याच्याही आधी, 1837 साली, फ्रेडरिक फ्रोबेल याने जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी काम सुरू केलं. त्याच्या बालोद्यानात कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम आणि माती यांना मानाची जागा होती. इतक्या जुन्या काळी त्याच्या ध्यानात आलेली गोष्ट आज शरीरशास्त्रही सांगतं. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात आणि साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत एकेक करून पक्की होत जातात. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन एका ओळीत अक्षरं गिरवायला लावणं त्या हाताला झेपणारं नसतं. त्याच हाताला कणीक मळता येते, कागद टरकावता येतो, चिखल थापता येतो, वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत ओतता येतं. यातून चिमटीत बळ येतं आणि पुढे पेन्सिल तीच चिमूट धरते. कात्री नंतर यावी, आधी फाडणं यावं. जुन्या वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या दोन्ही हातांनी सावकाश फाडायला मुलांना मनापासून आवडतं, आणि एक हात धरतो तेव्हा दुसरा ओढतो, ही जोडी तिथेच जमते.

चित्राचंही तसंच. दीड-दोन वर्षांचं मूल नुसतं गिरगटतं. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गिरगटीतून बंद गोल निघतो. मग त्या गोलाला डोळे येतात आणि गोलातूनच खाली दोन पाय फुटतात. पोट नाही, मान नाही. ऱ्होडा केलॉग यांनी लाखो बालचित्रं जमवून 1969 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देश कोणताही असो, मुलांच्या रेघा याच वाटेने जाताना त्यांना दिसल्या. सेनगावच्या तांड्यावरचं मूल कोळशाने भिंतीवर जो माणूस काढतं, त्यालाही असेच गोलातून फुटलेले पाय असतात. ‘याला पोट कुठंय?’ असं विचारून ते चित्र दुरुस्त करायचं नसतं. ‘हे कोण आहे, सांग बरं’ असं म्हणावं. मग मूल बोलू लागतं, आणि भाषेचा तास आपोआप सुरू होतो.

हिंगोली जिल्ह्यात साहित्याला तोटा नाही. पळसाची फुलं होळीच्या आधी फुलतात; ती उकळली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. चुलीतला कोळसा आहे, गेरू आहे, पालकाची हिरवी पानं कागदावर घासता येतात. कापसाचं बोंड उकलून त्यातली सरकी बोटांनी वेगळी करणं हे चार वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं गुंतवणारं काम आहे. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. आणि ज्वारीचं धाट! कडबा घरी आला की जुन्या पिढीतल्या पोरांनी धाटाची बैलगाडी केली नाही असं गाव सापडणार नाही. साल सोलायची, आतल्या हलक्या पांढऱ्या गाभ्याची चाकं करायची, सालीची काडी आस म्हणून घालायची. सोललेली साल पात्यासारखी कापते, म्हणून सोलण्याचं काम मोठ्यांनी करावं आणि जोडण्याचं मुलांवर सोपवावं. पाच वर्षांच्या पुढच्यांना ते जमतं. गाडी चालली नाही तर का चालली नाही, याचा शोध मूल स्वतः लावतं. अरविंद गुप्तांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या यांतून हजारो मुलांना जे शिकवलं, त्याची जात हीच.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. शेतीच्या जिल्ह्यात प्रत्येक बी आणि प्रत्येक डबा मुलाच्या हातात देण्याजोगा नसतो. पेरणीच्या सोयाबीनला आणि सरकीला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. त्याचा गुलाबी, निळा रंग मुलांना ओढतो, पण ते बियाणं चिकटकामात कधीही वापरू नये. फवारणीची रिकामी बाटली कितीही धुतली तरी खेळण्यासाठी घेऊ नये. गुंजेचा लाल-काळा दाणा सुंदर दिसतो आणि तो विषारी आहे. एरंडी, धोतरा, कण्हेर यांनाही हात लावू देऊ नये. बांधावरचं गाजरगवत पांढऱ्या फुलांमुळे नक्षीला बरं वाटतं, पण त्याने अंगाला खाज सुटते आणि पुरळ उठतं. तीन वर्षांखालच्या मुलांना वाटाणे, शेंगदाणे, मणी देऊन एकटं सोडू नये. ते नाकात जातात, घशात अडकतात. मोठी पानं, मक्याची कणसं त्यांच्यासाठी ठीक.

अंगणवाडी सेविकाताईंची बाजूही इथे मांडली पाहिजे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांतून सुरू झाली. पोषण, लसीकरण, आरोग्य आणि पूर्वशालेय शिक्षण असा सगळा भार तेव्हापासून अंगणवाडीवर आला. आज त्यात पोषण ट्रॅकर या ॲपची भर पडली आहे. वजन, उंची, आहार, गृहभेटी, नोंदी हे सारं उरकता उरकता शिकवायचा वेळ आखडतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा ही वर्षं शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतली आणि 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाने खेळणी-साहित्याचा संच आला. दिशा योग्य आहे. पण पेटी कुलपात राहिली तर तिचा उपयोग नाही, आणि खेळणी तुटली तर जबाबदारी कुणाची या धास्तीने ती कुलपात राहते. तुटण्याची मुभा असलेलं साहित्य हवं. धाट तुटतं, पान फाटतं, माती मोडते, आणि कुणालाही हिशेब द्यावा लागत नाही.

दिवाळीनंतर जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. फडावर खोपीपुढे खेळणाऱ्या मुलांपर्यंत कोणताही संच पोहोचत नाही. तिथे पाचट असतं, मोळी बांधायला वाढे असतात, चिखल असतो. तिथे पोहोचायची गोष्ट वेगळी: एवढ्यावरही मूल काम करू शकतं, हे आईला कुणीतरी सांगितलेलं असणं. ते काम सेविका, कुटुंबांनी गाव सोडण्याआधीच्या पालकसभेत करू शकते. आणि गावात जी आजी वाकळ शिवते, तिला आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बोलवावं. चिंध्यांचे रंग लावून पाहताना, जाड टाका मोजताना मुलं तिच्याभोवती बसतील. बंजारा तांड्यावर आरसे आणि कवड्या टाकून कशिदा करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडून नक्षी शिकायला तीन वर्षांचं मूल लहान आहे, पण पाहायला आणि कवड्या रांगेत मांडायला नाही.

श्रावण अमावास्येला पोळा येईल. इथली काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसून तडकते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचा हा स्वभाव. म्हणून ती चाळून रात्रभर भिजवावी, तिच्यात मूठभर राख आणि पिंजलेल्या कापसाचे तंतू मिसळावेत. मुलांना माती देताना गोळा एकच द्यावा. काही मुलं गोळ्यातूनच पाय, शिंगं, वशिंड ओढून काढतात, काही वेगळे तुकडे करून चिकटवतात. चिकटवलेला पाय वाळल्यावर गळतो. जोडायची दोन्ही तोंडं काडीने खरवडून मध्ये पातळ चिखल लावायचा, हे पाय गळाल्यावर दाखवावं, आधी नाही. हातावर जखम असलेल्या मुलाला माती देऊ नये आणि काम झालं की सगळ्यांचे हात साबणाने धुवावेत.

तेव्हा सेविकाताईंना आणि पालकांना एकच विनंती. येत्या पोळ्याला बाजारातून रंगवलेला बैल आणू नये. अंगणवाडीत आणि घरात लेकरांनी केलेले बैल, तीन पायांचे असोत की एका शिंगाचे, पाटावर पूजेला मांडावेत, आणि कुणीही मोठ्या माणसाने त्यांना बोट लावून सरळ करू नये.