ऊर्जेच्या तुटवड्यात घडलेली विमाने



सप्टेंबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एक छोटे चार आसनी विमान बॅटरीवर उडाले. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ते उभे केले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या स्लिंग कंपनीकडून विमानाच्या सुट्या भागांचा संच आणायचा, पेट्रोल इंजिनाच्या जागी विद्युत मोटर बसवायची आणि तिला वीज पुरवणारी बॅटरीची यंत्रणा स्वतः आखायची, असा तो प्रकल्प होता. त्या विमानाचे नाव ई-स्लिंग. त्याच विद्यापीठातल्या पुढच्या विद्यार्थ्यांनी मग हायड्रोजनकडे मोर्चा वळवला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे विद्यार्थीही स्लिंगच्याच विमानावर द्रवरूप हायड्रोजन वापरण्याच्या खटपटीत आहेत. अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. काही जण म्हणतात, उद्याची सगळी विमाने अशीच असणार. काही जण म्हणतात, हा मुलांचा हौसेचा मामला आहे, यातून एकही प्रवासी विमान निघणार नाही. मला या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. या प्रयोगांचे मोल ते कोणत्या इंधनावर चालतात यात फारसे नाही. हाताशी ऊर्जा इतकी थोडी असते की विमानाची भूक कमी केल्याशिवाय ते जमिनीवरून उठतच नाही, आणि ही भूक कमी करण्याची विद्या विद्यार्थ्यांच्या हातून विमानउद्योगात गेली आहे. हे मला आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापुढे पुराव्यानिशी मांडायचे आहे.

आधी हिशेब पाहू. एक किलो विमानइंधनात साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. विमानात बसवायच्या बॅटरीत, आवरण आणि थंड ठेवण्याची व्यवस्था धरून, किलोमागे ०.२ किलोवॅट-तासाच्या आसपास मिळते. म्हणजे तफावत साठपट. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरीने ऊर्जा वापरते, ते जमेला धरले तरी वीसपट उरतेच. हे आकडे प्रत्यक्षात कसे दिसतात ते वेलिस इलेक्ट्रो या विमानावरून कळते. स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या या दोन आसनी विमानाला जून २०२० मध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा यंत्रणेने प्रमाणपत्र दिले. असे प्रमाणपत्र मिळालेले ते जगातले पहिले विद्युत विमान. त्यातल्या दोन बॅटऱ्यांचे मिळून वजन सुमारे १४० किलो, आणि त्यावर विमान जेमतेम पाऊण-एक तास उडते. तेवढ्याच वजनाचे पेट्रोल जवळजवळ १९५ लिटर भरेल आणि अशा हलक्या विमानाला दहा तासही पुरून उरेल. हायड्रोजनची गोष्ट उलटी. किलोमागे तो नेहमीच्या इंधनाच्या जवळपास तिप्पट ऊर्जा देतो, पण द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश सेल्सियसला ठेवावा लागतो, आणि तरीही चौपट जागा खातो. टाकी, उष्णतारोधक आवरण, झडपा या सगळ्यांचे वजन पुन्हा विमानाच्याच पंखांवर येते. पेट्रोलच्या विमानात बांधणीतला ढिसाळपणा चार लिटर जास्त भरून झाकता येतो. बॅटरीच्या किंवा हायड्रोजनच्या विमानात तो लपत नाही.

ही टंचाई विमानविद्येला नवी नाही, म्हणून शंभर वर्षे मागे जाऊ. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर कडक निर्बंध घातले आणि तिथले इंजिनाच्या विमानांचे काम जवळपास थांबले. डार्मस्टाट, हॅनोव्हर, स्टुटगार्ट, ब्राउनश्वाइग इथल्या तंत्रविद्यापीठांतले विद्यार्थी मग विनाइंजिन विमानांकडे, म्हणजे ग्लायडरकडे, वळले. त्यांनी स्थापन केलेली मंडळे 'आकाफ्लीग' या नावाने ओळखली जातात आणि आजही चालू आहेत. इंजिन नसलेल्या विमानाजवळ स्वतःची उंची आणि वर चढणारी हवा एवढेच भांडवल असते. हॅनोव्हरच्या मंडळाचे 'व्हॅम्पायर' १९२२ च्या ऑगस्टमध्ये रोन डोंगरांत तासाहून अधिक काळ हवेत राहिले आणि काही दिवसांतच त्याने तीन तासांचा टप्पाही गाठला. त्याच्या पंखाची पुढची कड प्लायवूडच्या बंद पेटीसारखी होती. वजन न वाढवता पिळाला तोंड देणारी ही रचना पुढे पिढ्यान् पिढ्या ग्लायडरमध्ये वापरली गेली.

त्याहून मोठी गोष्ट स्टुटगार्टला घडली. हवा पंखावरून न विस्कटता, थराथराने वाहिली की रोध एकदम घटतो. पण त्यासाठी पंखाचा आकार अगदी नेमका हवा आणि पृष्ठभाग गुळगुळीत हवा. लाकडी पंख दमट हवेत फुगतो, आतल्या फासळ्यांमध्ये दबतो, आणि कागदावर काढलेला सुंदर छेद प्रत्यक्षात उतरत नाही. रिचर्ड एप्लर आणि हेरमान नेगेले यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या 'एफएस-२४ फिनिक्स'ने यावर उत्तर शोधले: बाल्सा लाकडाचा हलका गाभा आणि दोन्ही बाजूंनी काचतंतू व राळेचा थर. २७ नोव्हेंबर १९५७ रोजी ते उडाले. काचतंतूंनी बांधलेले ते पहिले ग्लायडर. नवे साहित्य वापरून पाहू, अशा हौसेने हे घडले नाही. हवेचा प्रश्न आधी होता, साहित्य त्याच्या मागून आले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. डार्मस्टाटच्या विद्यार्थ्यांनी १९६४ मध्ये याच वाटेने 'डी-३६' बांधले, त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि १९६५ च्या जागतिक स्पर्धेत ते विमान दुसरे आले. ते आखणाऱ्यांपैकी गेरहार्ड वायबेल श्लायशर कंपनीत गेले, वोल्फ लेमके रोलाडेन-श्नायडरमध्ये, क्लाउस होलिगहाउस शेम्प-हिर्थमध्ये. जगभर उडणाऱ्या 'एएसडब्ल्यू' मालिकेच्या ग्लायडरच्या नावातले शेवटचे अक्षर वायबेल यांचे आहे. विद्यार्थ्यांच्या एका कार्यशाळेतून एक विमान निघाले, आणि त्याबरोबर तीन कंपन्यांना त्यांचे आखणीकार मिळाले. पुढे १९७२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या 'एसबी-१०'ने पंखात कार्बनतंतू वापरला. आज बोईंग ७८७ च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग अशाच तंतुमिश्रित साहित्याचा असतो. त्याचे सगळे श्रेय या मंडळांना देणे अतिशयोक्तीचे होईल, लष्करी आणि अंतराळ संशोधनाचा वाटा त्यात मोठा आहे. पण तंतू आणि राळेचे अख्खे विमान माणूस बसवून उडवता येते, हे आधी दाखवणाऱ्यांत विद्यार्थी होते.

याच परंपरेचा आजचा धागा म्हणजे स्टुटगार्ट विद्यापीठातले 'ई-जीनियस' हे दोन आसनी विद्युत विमान. ते २०११ मध्ये उडाले. त्याचा पंखा नाकावर नाही, शेपटीच्या उभ्या फळीच्या टोकावर आहे. पेट्रोलचे जड इंजिन तिथे बसवता आले नसते, मोटर छोटी आणि हलकी असल्याने बसली. त्यामुळे मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा, कमी ऊर्जेत जास्त जोर देणारा पंखा लावता आला. तो जमिनीला लागेल म्हणून चाकांचे पाय लांब करावे लागले नाहीत, आणि नाक स्वच्छ, निमुळते राहिले. ऊर्जेचा स्रोत बदलल्यावर विमानाची अख्खी रचना नव्याने मांडता येते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण विरळाच. त्याच वर्षी नासाने कॅलिफोर्नियात स्पर्धा घेतली: सुमारे ३२० किलोमीटर अंतर दोन तासांच्या आत, आणि माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, पेट्रोलच्या तुल्य ऊर्जेत कापायचे. दोन विमानांनी ते केले. पिपिस्ट्रेलचे 'टॉरस जी-४' पहिले आले, पेन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक जॅक लँगेलान त्या संघाचे प्रमुख होते. ई-जीनियस दुसरे आले. दोघांनाही माणशी अर्ध्या गॅलनहून किंचितच जास्त ऊर्जा लागली. नऊ वर्षांनी जगातले पहिले प्रमाणित विद्युत विमान त्याच पिपिस्ट्रेलने बाजारात आणले.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप प्रमाणाचा. विमानवाहतुकीचा जगाच्या कार्बन उत्सर्जनातला वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा भाग लांब पल्ल्याच्या जेट विमानांचा. दोन आसनी विमान स्वच्छ करून काय साधणार? हे खरेच आहे, आणि मुंबई-लंडन विमान बॅटरीवर उडेल असे मी म्हणणार नाही. मघाचा वीसपटीचा आकडा ते होऊ देत नाही. लांब पल्ल्याला द्रव इंधनच लागेल, फक्त ते वेगळ्या उगमाचे असेल. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल यांनी देशातच तयार केलेले पर्यायी इंधन मिसळले होते, त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंतच होते. असे इंधन महाग आहे आणि थोडे आहे, ऊस असो वा मका, त्यामागे जमीन आणि पाणी आहे. जे इंधन इतके दुर्मीळ, ते कमीत कमी लागावे अशी विमाने हवीत. म्हणजे लांब पल्ल्याचा प्रश्नही फिरून विमानाच्या भुकेपाशीच येतो. शिवाय छोट्या विमानांचा एक स्वतंत्र प्रश्न आहे. पिस्टन इंजिनाच्या अनेक प्रशिक्षण विमानांत आजही शिसेयुक्त पेट्रोल जळते. मोटारींतून आपण शिसे हद्दपार केले, पण धावपट्टीशेजारी राहणाऱ्या मुलांच्या श्वासात ते अजून जाते.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: आपली वीज मुख्यतः कोळशाची, मग विद्युत विमान हे धूर दुसऱ्याच्या अंगणात ढकलणेच ना? याचे उत्तर आकडेमोडीने द्यावे. वेलिससारख्या विमानाला तासाला साधारण २० ते २५ किलोवॅट-तास वीज लागते. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे तासाला १४ ते १८ किलो, वहनातली आणि चार्जिंगमधली गळती धरून २० च्या थोडे वर. त्याच आकाराच्या पेट्रोल विमानाला तासाला १५ ते २० लिटर लागतात आणि लिटरमागे सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे ३५ ते ४५ किलो. कोळशाच्या विजेवरही उत्सर्जन निम्म्याच्या आसपास येते. बॅटरी बनवण्याचा आणि ती ठरावीक काळाने बदलण्याचा भार यात धरलेला नाही. तो धरला की फायदा आणखी घटेल, आणि तो धरायलाच हवा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. १९९० पासून प्रवासी-किलोमीटरमागे लागणारी ऊर्जा निम्म्याहून कमी झाली, तरी २०१९ पर्यंत विमानवाहतुकीचे एकूण उत्सर्जन जवळपास दुप्पट झाले, कारण प्रवास त्याहून वेगाने वाढला. काटकसरीने उडणे स्वस्त झाले आणि लोक जास्त उडू लागले. हा दोष आखणीकाराच्या टेबलावर दुरुस्त होत नाही. त्यासाठी इंधनावरचा कर, जवळच्या अंतरासाठी चांगली रेल्वे, असे सार्वजनिक निर्णय लागतात. पण कमी ऊर्जेत उडता येते हे सिद्धच नसेल, तर अशा निर्णयांना धोरणकर्त्यांजवळ आधारही उरणार नाही. आणि आणखी एक भार याच परंपरेच्या माथ्यावर आहे: काचतंतू आणि राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वेगळी करणे अवघड. जुन्या ग्लायडरचे आणि पवनचक्क्यांच्या पात्यांचे काय करायचे, हा आजचा खुला प्रश्न आहे. धातुविज्ञान आणि बहुवारिकांचा अभ्यास केलेल्या तुमच्यापैकी कोणाला आयुष्यभराचे काम हवे असेल, तर ते इथे आहे.

हे सगळे युरोपात ठीक, आपल्याकडे कसे जमणार, असेही विचारले जाते. आपल्याकडे पुण्याच्या हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, कानपूरच्या आयआयटीला स्वतःची धावपट्टी आहे, द्रवरूप हायड्रोजन हाताळण्याचा इस्रोचा अनुभव दांडगा आहे. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात मुंबईकरांनी ते पाहिले, आणि त्याला नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडले. म्हणजे जिद्द आणि हातातले कसब यांची वाण नाही. प्रायोगिक विमानाला टप्प्याटप्प्याने तपासणारी आणि उडू देणारी, विद्यापीठांना सहज गाठता येईल अशी वाट मात्र अजून रुळलेली नाही. सुरक्षेचे नियम सैल करा असे मी म्हणत नाही. तपासनीस पहिल्या आराखड्यापासून सोबत असावा, असे म्हणतो.

आकाफ्लीगची एक पद्धत इथे उपयोगी पडेल. या मंडळांत कार्यशाळेत राबल्याशिवाय उडायला मिळत नाही, आणि एका तुकडीने सुरू केलेले विमान बऱ्याचदा पुढच्या तुकड्या पुरे करतात. दर उन्हाळ्यात सगळी मंडळे जर्मनीच्या अवकाश संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर एकत्र जमतात. ज्याची कामगिरी आधीच काटेकोर मोजलेली आहे असे एक ग्लायडर पहाटेच्या शांत हवेत वर जाते, नव्या विमानाला त्याच्या शेजारून उडवतात आणि कोण किती खाली येते ते मोजतात. आपले विमान किती चांगले, हे बांधणाऱ्याने सांगायचे नसते, शेजारून उडणारे विमान सांगते. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तोंडी परीक्षेबरोबर संपतो, सांगाडा कोपऱ्यात पडतो आणि पुढची तुकडी शून्यातून सुरुवात करते. म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. ड्रोन असो, सौर गाडी असो, बॅटरीची पेटी असो, तुम्ही जे बांधले त्याची मोजमापे, जळालेल्या मोटरींची आणि तुटलेल्या जोडांची नोंद, पुरवठादारांची यादी, हे सगळे आवार सोडण्याआधी विभागाच्या हवाली करा. आणि कुलगुरू महोदय, येत्या जूनमध्ये येणाऱ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात त्या वह्या वाचायला मिळतील, एवढी व्यवस्था विद्यापीठाने करावी.