भिंतीवर टांगलेली पेटंटे



पेटंटाचा अर्ज परीक्षकापुढे गेला म्हणजे तो दोन गोष्टी पाहतो. हे आधी कोणी सांगून ठेवले आहे काय? आणि नसल्यास, आधीच्या ज्ञानावरून जाणत्या कारागिरास ते सहज सुचले असते काय? पहिल्याचे उत्तर दप्तरात सापडते. भांडण माजते ते दुसऱ्यावर.

अमेरिकेतले १९६६ चे विन्स्लो प्रकरण घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चळत यंत्रात ठेवायची, हवेच्या झोताने वरच्या पिशवीचे तोंड उघडायचे आणि माल भरायचा. पिशव्या निसटू नयेत म्हणून विन्स्लो यांनी त्यांच्या पाळीस भोके पाडून ती खुंटीत अडकविली. त्यावर जुनी पेटंटे पुढे आली. एकात हवेने उघडणाऱ्या, पण स्प्रिंगच्या दाबाने धरलेल्या पिशव्या होत्या; दुसऱ्यात भोके पाडलेली पाकिटे दांडीवर टांगली होती. परीक्षकाने दावे नाकारले, अपील मंडळाने तेच कायम केले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती जाइल्स रिच हे १९५२ चा अमेरिकन पेटंट कायदा घडविणाऱ्यांपैकी एक. ते म्हणाले, संशोधक कारखान्यात बसला आहे आणि सारी जुनी पेटंटे भोवतालच्या भिंतींवर टांगली आहेत, अशी कल्पना करा. पिशव्या नीट धरायच्या कशा म्हणून तो मान वर करील, तर समोर दांडीवरची पाकिटे! अपील फेटाळले गेले.

हे चित्र आम्हांस फार आवडते. पण त्याची थोडी भीतीही वाटते. असा कारखाना जगात कोणाचाच नसतो. शिवाय कोणते दोन कागद शेजारी टांगायचे, हे शोध पाहून झाल्यावर ठरते. उत्तर वाचून गणित सोडविण्यासारखेच ते! म्हणून प्रत्येक कागद एकेकटा अपुरा आहे, असे ओरडून अपीलकर्त्याचे भागत नाही. हे दोन कागद जोडण्याचे कारण कारागिरापाशी काय होते, हे त्याने विचारावे.

त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे ॲडम्स यांची बॅटरी आली होती. मॅग्नेशियम आणि क्यूप्रस क्लोराइड दोन्ही ठाऊक असलेली, पण पाणी घालताच चालू होणारी ही बॅटरी लष्करी तज्ज्ञांना प्रथम खरीच वाटेना. पुढे सरकारनेच ती वापरली! जुने ज्ञान तर अशा रचनेपासून दूर नेणारे होते. पेटंट टिकले.

आपल्याकडे पूर्वीचे अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाले. मुंबईच्या कार्यालयाने अर्ज नाकारल्यास आता उच्च न्यायालयात जावे लागते, आणि मुदत आहे तीन महिन्यांची.